वेराचा शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — आणि देवाशी माझं एरवी बरंच बोलणं असतं. बसा, चहा घ्या. वेळ थोडा आहे. आज नात येतेय — ईरा.

इथे अमेरिकेत स्टेट कॉलेजला शिकत होते तेव्हाची मी म्हणजे — दोन वेण्या, जाड चष्मा आणि अंगात केवढी ती मिजास! पण भाषाशास्त्राच्या वर्गात मला विचारायचे काय? तर करी कशी करतात!

माझी रूममेट वेरा मात्र एका शब्दामागे लागली होती. रशियन, पोलिश वगैरे भाषांची जी आद्य आई, तिच्यात नवलाला 'दिव' म्हणत असावेत. असावेतच — कारण लिहिलेला कुठे नाही, तिच्या लेकी-भाषांवरून जुळवलेला. पण आला कुठून? कुणी म्हणे चमकण्यातून, आपल्या 'देव'सारखा. वेरा म्हणे पाहण्यातून. नवल म्हणजे बघतच राहणं.

आणि मी भर वर्गात बोलून गेले, "आमच्या कोकणात टक लावून बघण्याला 'दिवणं' म्हणतात."

नाही म्हणत. कुणीच नाही. मग का बोलले? सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता ना — दुसरं काय!

वेराने ते पुरावा म्हणून प्रबंधात घातलं — दूरच्या बहीण-भाषेतही तोच शब्द, आणि बघण्याचाच! पुढे कोकणात राहिलेल्या एका जाणकाराने शोधलं, सापडेना. सरांनी दोघींना बोलावलं. वेरा शेजारीच उभी होती. मी म्हणाले, "मी असं कधी बोललेच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. तशा पाहण्याला शब्द — तो मात्र मला रचता आला नाही. खोटा पुरावा दिल्याचा ठपका घेऊन ती शिक्षण सोडून गेली. तिची किटली मी कितीतरी वर्षं वापरली.

शब्द माझ्या तोंडात राहिला. "काय दिवतोस रे, जेव!" करत मुलगा वाढवला. आता ईरा म्हणते, "आजी, डोन्ट दिव मी!" — आणि शिकतेय कुठे? स्टेट कॉलेजलाच. भाषाशास्त्रच.

परवा तिचा फोन. "आजी, गेस व्हॉट! आपला शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाहीये! प्रोफेसर सो एक्सायटेड! तुला रेकॉर्ड करते, मग पेपरवर माझं नाव!"

"वा गं," म्हणाले.

ड्राइव्हवेत गाडी वळली बघा. आता ती फोन टेबलावर ठेवेल, बटण दाबेल आणि विचारेल — आजी, हा शब्द पहिल्यांदा कुणाकडून ऐकलास?

ऐकला नव्हता. मी रचला. वेराने नाही — मी.