कांड्या भरणारा जावई

खासबागेतल्या त्या घरात पोह्यांची बशी हातात घेऊन मी बसलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय काम करतासा?"

मला खोटं बोलता येत नाही. हा गुण नव्हे, खोड आहे. मी मोठ्यानं, सरळ सांगून टाकलं, "कांड्या भरतो."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, ते शेजारच्या खासबागेचे, आणि दोन्ही घरं साड्या विणणारी. विणकराच्या घरात कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायची छोटी नळी, जिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. आणि कांड्या भरणं हे घरातल्या बायकांचं, मागच्या दारी बसून गप्पा मारता मारता उरकायचं काम. डिप्लोमा झालेला, मिशी राखलेला, एकतीस वर्षांचा नवरामुलगा कांड्या भरतो म्हटल्यावर कुणाच्या घशाखाली पोहे उतरणार?

"पर मध्यस्थ तर इमल्शन म्हनला," आप्पा म्हणाले. मुलीच्या वडिलांना सगळी गल्लीच आप्पा म्हणायची. "आमी म्हनलं, रंगाचं दुकान हाय. पडवीला कुठला रंग द्यायचा, ते बी ठरवलंय."

हा प्रताप शेजारी बसलेल्या माझ्या आईचा. "पोरगा स्फोटकात हाय" असं सांगितलं तर कोण मुलगी देईल, म्हणून तिनं मध्यस्थाला सांगितलं होतं, "पोरगा इमल्शनमधी हाय." तसं ते खरंच होतं. मी कंग्राळीच्या पलीकडं एका खडीच्या खाणीत ब्लास्टर आहे. दगडात खोल भोकं पाडतात आणि मी त्यात इमल्शन स्फोटकाच्या कांड्या भरतो. भिंतीला लावायचं इमल्शन वेगळं, माझं वेगळं. आमच्या वडगावच्या गल्लीतसुद्धा लोक गेली चार वर्षं मला रंगांचं शेडकार्ड मागतायत.

"त्या कांड्या न्हवं, आप्पा," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान ते, त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. मी ओरडलो, "खाणीतल्या कांड्या! बार उडवायच्या!"

नेमकी तेव्हा गल्लीतली वीज गेलेली होती. सगळे माग बंद होते. माझं ओरडणं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण थोड्याच वेळात दारात सात-आठ माणसं जमली. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मांडी दोन दिवस निळी होती.

मग माझं डोकं फिरलं. माझ्या कामाबद्दल कुणी तोंड वाकडं केलं की मला राहवत नाही. मी उभाच राहिलो आणि भाषण ठोकलं. हा माल कसा मऊ असतो, घट्ट श्रीखंडासारखा. जुन्या डायनामाइटसारखं त्यानं डोकं दुखत नाही. पाण्यानं भरलेल्या भोकात सोडला तरी सादळत नाही. डिटोनेटरनं उठवल्याशिवाय तो उठत नाही, बिचारा पडून राहतो, आणि उठला की सेकंदाला चार-साडेचार किलोमीटर धावतो, म्हणजे बेळगावच्या स्टेशनावरून निघाला तर एका सेकंदात वडगावात. हे सगळं मी बशी हातात धरून सांगितलं. सांडलेले पोहे आई वेचत होती.

आतल्या दाराशी मुलगी उभी होती. तिनं विचारलं, "आणि न्हाय उठला तर?"

चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं भय त्याच्यातच असतं, उडण्यात नाही, न उडण्यात. मी म्हणालो, "मग अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही. नंतर मी एकटा जाऊन बघतो." ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. मला ती त्या क्षणी इतकी आवडली की आता इथं नकार आला तर काय करायचं, हेच कळेना.

आणि नकार येतच होता. आप्पा म्हणाले, "पावनं, जन्मभर आवाज ऐकला. कान गेलं. पोरीला तरी शांत घर पायजे. तुमचा तर धंदाच आवाजाचा."

"चांगला बार आवाज करतच न्हाय, आप्पा!" मी पुन्हा ओरडलो. "आवाज झाला म्हंजे ताकद हवेत गेली. सगळी ताकद दगडात जायला पायजे. आमच्यात आवाज म्हंजे चूक!"

आप्पा पुढं सरकले. "दाखवतासा?"

"दाखवतो."

"आवाज आला तर इषय संपला."

ठरलं. दारातल्या मंडळींनी मान डोलावली, जणू पंचायतच बसली होती.

पुढच्या बुधवारी आप्पा खाणीवर आले. आदल्या दिवशी पाऊस झोडपून गेला होता आणि निम्मी भोकं पाण्यानं भरलेली. मी कांड्या सोडल्या, पाण्यात बुडाल्या, मला काळजी नव्हती. काळजी होती ती भोकांच्या तोंडाची. वर खडीचा चुरा नीट ठासला नाही तर सगळा जोर तोंडातून बाहेर पडतो आणि गाव गोळा होईल असा आवाज होतो. त्या दिवशी मी प्रत्येक तोंड तीन तीनदा ठासलं. गडी हसायला लागले. "सायेब, लगीन हाय का बार हाय?" एकानं विचारलं. मी त्याला दोन शब्द ऐकवले, पण प्रश्न बरोबर होता.

नेमका त्याच दिवशी कंपनीचा इंजिनियर मालाचा वेग मोजायला आला होता. त्यानं एका भोकात तार सोडली आणि डब्यासारखं यंत्र जोडलं. आप्पांनी ते निरखून बघितलं आणि विचारलं, "ह्यो वेग माझ्या धोट्यापेक्षा जास्त?" इंजिनियरला धोटा माहीत नव्हता. तो म्हणाला, "सर, मच मच फास्ट." आप्पांचा चेहरा पडला.

आम्ही लांब, आडोशाला गेलो. आप्पांनी गांधी टोपीवरच हेल्मेट चढवलं होतं. भोंगा वाजला. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

धप्प. जमीन थरारली, दगडाची भिंत किंचित वर उचलली गेली आणि दमलेल्या माणसासारखी खाली बसली. धूळ उठली. बस. आयुष्यात इतका सुंदर बार मी उडवला नव्हता.

आप्पा म्हणाले, "झालं?"

"झालं."

"मला काय ऐकू आलं न्हाय."

मी आनंदानं उडी मारणार, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. या माणसाला भोंगासुद्धा ऐकू आला नव्हता! त्यांच्या शेजारी तोफ डागली असती तरी ते हेच म्हणाले असते. गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. पण खोड. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "आप्पा, तुमाला तसं बी ऐकू येत न्हाय!"

ते रागावतील असं वाटलं. ते हसले. मग खाली वाकून त्यांनी आपल्या चपला दाखवल्या. त्या पायात नव्हत्याच, बाजूला काढून ठेवल्या होत्या.

"कानानं कोन ऐकतंय रं?" ते म्हणाले. "आठ माग चालू असत्यात, त्यातला कुठला बिघडलाय ते मी पायानं वळखतो. तुझा बार बी पायानं ऐकला. एकदम न्हाय उडाला त्यो. एकामागं एक गेला, ओळीनं. एक बी ठोका चुकला न्हाय."

माझे डोळे भरून आले. प्रत्येक भोक शेजारच्याच्या मागाहून, पण पापणी लवायच्या आत उडतं, ही आमची सगळी कारागिरी, आणि ती खाणीच्या मालकालाही कधी कळली नव्हती. शिवाय ते मला 'तू' म्हणाले होते.

"मग बार कवा उडवायचा?" आप्पांनी विचारलं.

"शनिवारी," मी डोळे पुसत ओरडलो. "दुपारी एकला. पलीकडच्या बाजूला भोकं तयार हायत."

त्यांनी मान डोलावली आणि चपला घातल्या. ते लग्नाच्या बाराबद्दल विचारत होते, हे मला संध्याकाळी कळलं, जेव्हा आईनं दारातच मला गाठलं. "शनिवारी? अरं, तीन दिवसात हॉल कुठनं आनू?" आप्पांनी सगळ्या खासबागेत शनिवार, एक वाजता असं सांगून टाकलं होतं. ओरडून.

शनिवारचा तो बार मी उडवलाच, खाणीतला. लग्नाचा उडायला दीड महिना लागला.

आता आमच्या घरी माग उरला नाही आणि आवाजही नाही, माझा सोडून. अजूनही कुणी इमल्शनचं शेडकार्ड मागितलं की माझं डोकं फिरतं, मी धुसफुसत आतल्या खोलीत जाऊन बसतो. आई मागोमाग यायला निघते. बायको तिला हात धरून थांबवते.

"अर्धा तास कुणी जवळ जायचं न्हाय," ती म्हणते. "मग मी एकटी जाऊन बघते."