सोयाबीनच्या वावरात रग्बी

मूर्तिजापूरला गाडी दोनच मिनिटं थांबते. त्यामुळे हातावर दही ठेवणं, कुंकू लावणं, रडणं हे सगळं आईनं घरीच उरकून घेतलं होतं. स्टेशनवर ती नुसती माझ्या बॅगांकडे बघत उभी होती, कुठली आधी चढवायची ते ठरवत. बाबा बाकावर बसले होते. त्यांना काही बोलायचं असलं की ते आधी दोनदा घसा साफ करतात. सिग्नल पडल्यावर त्यांनी तो साफ केला आणि म्हणाले, “पयले आपला कापूस तिकडं जात जाये. आता पोरगी चालली.”

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. अमरावतीत नर्सिंग करून तिथल्याच एका दवाखान्यात पाच वर्षं नोकरी केली होती, आणि आता उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरणगावातल्या हॉस्पिटलात रुजू व्हायला निघाले होते. तुम्ही जे गावीच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांनाही पुढची गोष्ट सांगायची आहे, कारण ती दोन्हीकडे घडली.

त्याआधी एक सांगायला हवं. अमरावतीला शिकत असताना मी कबड्डी खेळायचे. डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे आणि चढाई करायला आलेलीच्या मांड्यांना मिठी घालायचे. आमच्या वानखडे मॅडम म्हणायच्या, हिच्या हातात सापडलेली पोट्टी घरचा पत्ता विसरते. विसाव्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी चहा घेता घेता माझ्या खरचटलेल्या कोपरांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. ते लोक गेल्यावर आईनं माझी खेळाची चड्डी, बनियन, गुडघ्याचे पट्टे गोळा करून कोणाला तरी देऊन टाकले. “बस झालं आता,” एवढंच ती म्हणाली. ते स्थळ काही जमलं नाही. कबड्डी मात्र सुटली. मी भांडलेही नाही, आणि त्याचाच मला पुढं जास्त राग येत राहिला.

इंग्लंडातले पहिले चार महिने मी फारशी बोललेच नाही. तिथली माणसं बोलतात ते इंग्रजी आम्ही शिकलेलं नव्हतंच, निम्मे शब्द ती गिळून टाकतात. वॉर्डात पुण्याची एक नर्स होती, स्वभावानं चांगली, पण मी मराठीत बोलायला लागले की तिला वाटायचं मी तिच्यावर चिडले आहे. एकदा मी तिला सहज विचारलं, “कावून उशीर झाला?” म्हणजे का उशीर झाला, एवढंच, तर तिनं माफीच मागितली. मग मी तिच्याशीही जपून बोलायला लागले. ड्युटीवरून खोलीवर यायचं, भात लावायचा, खिडकीतून समोरच्या विटांच्या भिंतीकडे बघत तो खायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी वॉर्डातले एक आजोबा, चांगले धिप्पाड, पलंगावरून उतरताना घसरले. मी दोन पावलांवर होते. काही विचार करायच्या आत मी खाली वाकले, त्यांच्या मांड्यांना कवेत घेतलं आणि त्यांना अलगद जमिनीवर बसवलं. आजोबांना काही झालं नाही. मला मात्र आमच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरनं चांगलंच सुनावलं, कारण नियमाप्रमाणे पेशंट असा पकडायचा नसतो, पाठ जाते आपली. मी मान खाली घालून ऐकत होते आणि दाराशी जेवणाची ट्रॉली घेऊन उभी असलेली एक बाई माझ्याकडे बघत हसत होती. तिचं नाव डेबी. पन्नाशीची, आखूड केसांची, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी. सिस्टर गेल्यावर तिनं मला विचारलं की हे टॅकल, म्हणजे असं मांड्यांना धरून खाली आणणं, मी कुठं शिकले. मी म्हटलं, कबड्डीत. तिला तो शब्द काही समजला नाही. ती म्हणाली, गुरुवारी संध्याकाळी मैदानावर ये, आमच्याकडे बाराच जणी आहेत.

तो खेळ रग्बी लीग. एका संघात तेरा जणी. आपल्याकडे लोकांना रग्बी म्हणजे एकच वाटतो, पण हा त्यातला वेगळा प्रकार, आणि इंग्लंडच्या त्या गिरण्यांच्या पट्ट्यात तो घरोघरी खेळतात. लांबट चेंडू हातात घेऊन पुढं पळायचं, पण पास द्यायचा तो फक्त मागं. तुम्हाला पाडलं की उठायचं, चेंडू पायानं मागं सरकवायचा आणि पुन्हा सुरू. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण.

पाडणं मला पहिल्याच दिवशी जमलं. सोडणं जमेना. कबड्डीत एकदा धरलं की समोरचीचा दम सुटेपर्यंत धरून ठेवायचं असतं. इथं पाडलं की लगेच हात काढायचे. मी चिखलात त्या मुलींना घट्ट मिठी मारून पडून राहायचे आणि पंच शिट्ट्या मारून दमायचे. पहिल्या तीन सामन्यांत आमच्याविरुद्ध जितके दंड झाले त्यातले निम्मे माझ्यामुळे. तरी एकही जण माझ्यावर चिडली नाही. त्या चिखलात पडून वर पाहिलं की दोन-तीन हात पुढं आलेले असायचे. चार महिन्यांत पहिल्यांदा मला कोणीतरी हात लावत होतं आणि तो हात पेशंटचा नव्हता.

डेबी आमची कप्तान नव्हती, वय झालं होतं तिचं, पण संघ तिनंच उभा केलेला. लहानपणी ती मुलांबरोबर खेळायची. बारावं लागलं तेव्हा तिला सांगितलं की आता मुलींनी मुलांच्यात खेळायचं नाही, आणि मुलींचा संघ तर कुठंच नव्हता. मग ती त्याच क्लबात चहाच्या खिडकीमागं उभी राहिली, पंचवीसेक वर्षं. भाऊ खेळले, मग नवरा खेळला, मग भाचे. अडतिसाव्या वर्षी तिनं क्लबच्या नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवला: ज्या बायकांना खेळायचं आहे त्यांनी मंगळवारी या. पुरुषांच्या जुन्या, ढगळ जर्सी घालून सात जणी आल्या. आता शनिवारी सकाळी त्याच मैदानावर लहान मुलींचे तीन संघ असतात. वरच्या संघांचे सामने टीव्हीवर दाखवतात, त्यातल्या काहींना खेळण्याचं मानधनही मिळतं. बाकीच्या अजून माझ्यासारख्याच, कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी बस चालवणारी, शिफ्ट संपवून बूट बांधणाऱ्या. डेबीला मी एकदा विचारलं, उशीर झाला याचं वाईट वाटतं का. ती म्हणाली, वाटतं की. पण खिडकीमागं उभं राहून वाईट वाटण्यापेक्षा मैदानावर उभं राहून वाटलेलं बरं.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मे महिन्यात एका सामन्यात कोणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यावर बसलं आणि दुसऱ्या दिवशी, विसरून, मी व्हिडिओ कॉल उचलला.

आईचा चेहरा एकदम पांढरा पडला. “कोनं मारलं तुले?”

मी हसले, आणि ते आणखी वाईट झालं. तिला वाटलं मी काहीतरी लपवते आहे. तिनं बाबांना हाक मारली. बाबांनी फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले की तू घाबरू नको, मी येतो न्यायले, पासपोर्ट कसा काढतात तेवढं सांग. मग मला सगळं सांगावंच लागलं. टॅकल म्हणजे काय तेही मी कॅमेऱ्यासमोर उशीला मिठी मारून दाखवलं. बाबांचे डोळे चमकले. आईनं फोन ठेवला. सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सातव्या दिवशी तिनंच फोन केला. पीकपाणी, शेजारीपाजारी सगळं झालं, आणि ठेवता ठेवता तिनं विचारलं, “जिंकल्या का पन तुमी?”

“हारलो, आई.”

“मंग डोळा कायले फोडून घेतला,” ती म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी ती निकाल विचारू लागली.

तीन वर्षांनी दिवाळीला मी महिन्याच्या रजेवर गावी आले, डेबीनं दिलेले चार जुने चेंडू घेऊन. वानखडे मॅडमना भेटायला अमरावतीला गेले तर त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी मैदानावर उभं केलं. त्यांच्या कबड्डीच्या मुली होत्या, आणि धारणीकडच्या डोंगरी गावांतल्या, अमरावतीत वसतिगृहात राहून शिकणाऱ्या चौघी. त्यातली रामकली नावाची मुलगी अशी पळायची की तिला चेंडू हातात आहे याचं भानच नसायचं. पहिल्या दोन वेळा तर ती चेंडू मागं टाकूनच रेषेपलीकडे पोचली. आठवड्याभरात मॅडमच्या अकोल्याच्या मैत्रिणीनंही तिकडच्या मुली तयार केल्या. सामना ठरला. पण दोन्हीकडची मैदानं दगडासारखी टणक होती, त्यावर कोणाला पाडणं म्हणजे हात मोडून घेणं. अमरावती आणि अकोला यांच्या मधोमध, मऊ जमीन कुठं मिळेल, असा प्रश्न मी जेवताना नुसता बोलून दाखवला.

बाबांनी दोनदा घसा साफ केला. आमचं गाव त्या दोन्हींच्या मधेच, आणि आमच्या रस्त्यालगतच्या वावरातलं सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वखर घेऊन गेले. धसकटं वेचून काढली, ढेकळं फोडली, जमीन पिठासारखी केली. चारही बाजूंनी चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारल्या आणि दोन्ही टोकांना गोलचे खांब म्हणून बल्ल्या उभ्या केल्या. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, काय पेरून राहिले यंदा? बाबा म्हणायचे, काही नाही, पोट्ट्या खेळनार हायेत.

सामन्याच्या सकाळी निम्मं गाव बांधावर होतं. अमरावतीच्या तेरा जणी बसनं आल्या. अकोल्याच्या तेरा जणी जीपनं आल्या आणि पाठोपाठ एका मोटारसायकलवर त्यांच्यातल्या गायत्रीची आई आणि मामा. दुपारी पाहुणे येणार होते, आणि गायत्री घरी न सांगता खेळायला आली होती. तिची आई वावरात शिरली, मुलीचा दंड धरला. मुलगी मातीकडे बघत राहिली. मी पुढं जायला निघाले, पण काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. मी स्वतःच तेव्हा कुठं काही बोलले होते.

आई माझ्याआधी पोचली. पाण्याचा तांब्या घेऊन ती त्या बाईजवळ गेली, आधी पाणी दिलं, सावलीत बसवलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ही माही पोरगी. हिचा खेळ मी बंद केला व्हता, असेच पाहुणे आले व्हते म्हणून. ही मले कधी काही बोलली नाही. चुकलं माहं.”

ती माझ्याशी बोलत नव्हती. त्या अनोळखी बाईशी बोलत होती, पण आवाज थोडा मोठा होता, मला ऐकू यावा एवढा. मी शिट्टी हातात धरून उभी राहिले. दहा वर्षं मनात धरून ठेवलेला राग कुठं गेला ते कळलंच नाही.

गायत्रीच्या आईनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, किती वेळ चालते हे? मी म्हटलं, तासभर. ती म्हणाली, तोंडावर काही लागू देऊ नका.

गायत्री खेळली. तिनं रामकलीला दोनदा पाडलं, जे तोवर कोणालाच जमलं नव्हतं. तिसऱ्यांदा रामकली निसटली आणि चेंडू न विसरता रेषेपलीकडे टेकवून आली. अमरावतीच्या मुली जिंकल्या, पण शेवटी सगळ्याच काळ्या मातीनं अशा माखल्या होत्या की कोण कुठली ते त्यांच्या आयांनाच ओळखावं लागलं. दुपारी पाहुण्यांपुढं गायत्री कशी गेली ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी ती अकोल्याच्या मैदानावर आली होती, एवढं मॅडमनी कळवलं.

त्या वावरात आता पुन्हा पीक उभं असतं. मुलींना अमरावतीत एक जरा बरं मैदान मिळालं आहे, आणि अकोल्याच्या मुली आठवड्याआड तिथं येतात. पुढं काय होईल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्याकडे हा खेळ अजून बहुतेकांना ठाऊक नाही, आणि एकेका घराची समजूत काढत पुढं जायचं म्हणजे वेळ लागणार. पण डेबीच्या सात जणींचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

रविवारी सकाळी मी माझ्या सामन्यासाठी निघते तेव्हा तिकडे त्यांचा सराव आटपत आलेला असतो. रामकली मोबाईलवर विचारते, “ताई, सहाव्या टॅकलले लाथ मारायची का पळायचं?” मी डेबीला विचारून उत्तर देते. डेबी म्हणते, तिच्याएवढं पळता येत असेल तर पळायचं.

इथली माणसं मला अजून विचारतात, घरी कधी जाणार. गावची माणसं विचारतात, तिकडं घर घेतलं का. दोघांनाही नीट उत्तर द्यायला मला जमत नव्हतं. मागच्या महिन्यात मी तापानं पडले, आणि त्याच रविवारी अमरावतीच्या मुलींशी फोनवर बोलायचंही राहून गेलं. संध्याकाळपर्यंत दोन निरोप आले होते. एक डेबीचा, की आज आम्ही बाराच होतो. दुसरा रामकलीचा, की ताई, आज तुमी नव्हत्या तं कोनाचंच मन लागलं नाही. मी अंथरुणात पडून दोन्ही वाचले, आणि घर कशाला म्हणायचं हे मला त्या तापात अगदी स्वच्छ कळलं. आपण नसलो की जिथं एक जण कमी पडते, ते घर. माझी दोन आहेत.