आधी पाठ बघितली

माझी पाठ लहानपणापासून उजवीकडं वाकलेली. कोरेगावात चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, स्वतःचं पोलकं मात्र एका बाजूला दोन बोटं जास्त सोडून बेतायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

पहिल्या दवाखान्यातले डॉक्टर एक्स-रे बघून मुलाला म्हणाले, "पाठीत सुई जाणार नाही. पूर्ण भूल द्यावी, तर वाकड्या पाठीनं छाती आवळलेली. ऑपरेशन नको, झोपवूनच ठेवा." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मुलाचा चेहरा पार उतरला. मी म्हटलं, "अंथरुणात कुजायचं न्हाई मला. सांगलीला चल."

सांगलीत भूल देणारी डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला हळूच कुशीवर वळवून मणक्यावरनं बोटं फिरवली, मग पाठीचीच सोनोग्राफी केली. "आजी, पडायच्या आधी जिना चढताना दम लागायचा? झोपताना उशा किती?" सगळं विचारून झाल्यावर खुर्ची ओढून बसली.

"पूर्ण भूल दिली तर घशात नळी घालावी लागेल, आणि तुमच्या छातीला ते जड जाईल. पाठीतून दिली तर जाग्या राहाल, श्वास तुमचा तुम्हीच घ्याल. पण सुईला जागा सापडायला वेळ लागेल, दोन-तीनदा टोचावं लागेल. नाहीच जमलं तर पूर्ण भुलीची तयारी ठेवते. तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"जागी ठेव," मी म्हटलं.

पहिली सुई हाडाला लागली. दुसरीही. "थांबू का, आजी?"

"थांबू नको बाई, बघ अजून."

तिसऱ्यांदा तळपाय ऊन ऊन झाले, मग पाय माझे उरलेच नाहीत. पडद्यापलीकडं हातोडी वाजत होती, दुखत काहीच नव्हतं. ती माझ्या उशाशी बसून होती. तुमचं पोलकं कोण शिवतं म्हणाली. मीच, म्हटलं.

"माझ्या आईची पाठ अशीच आहे. तिला कुठलंच पोलकं नीट बसत नाही."

मग ऑपरेशन संपेपर्यंत मी तिला माप कसं घ्यायचं ते सांगत राहिले.

दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली. आता काठी घेऊन बाजारात जाते. परवा वडूजची एक बाई माझं ऐकून सासूच्या वाकड्या पाठीचा एक्स-रे दाखवायला आली. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? सासूलाच सांगलीला घेऊन जा. पाठ बघू दे डॉक्टरांना, आणि सासूला बोलू दे."