आजोबांची चेन कुप्पी

एप्रिलात धारच्या आमच्या घरच्या विहिरीतली मोटर जळली. मिस्त्री आला, विहिरीत डोकावला आणि मान हलवत म्हणाला, "मैडम, कटाई और शादियाँ दोनों साथ चल रही हैं। पाइप समेत मोटर खींचने को छह आदमी चाहिए, और आठ दिन तो कोई मिलने से रहा। चेन कुप्पी होती तो दो जने में काम हो जाता।"

"कुप्पी है मेरे पास," मी म्हणून गेले. ती चालेल का, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

कुप्पी होती देवासला, आईच्या पलंगाखाली, पोत्यात गुंडाळलेली. साखळी ओढत एकट्या माणसाने टनभर वजन उचलायचं ते बिडाचं यंत्र. माझे आजोबा धारला संस्थानच्या कारखान्यात होते, कुप्पी त्यांची. त्यांच्याकडून ती बाबांकडे आली आणि बाबांना देवासला कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्यांच्याबरोबर देवासला गेली. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, आणि ती जाम होऊन बसली होती त्याच्याही आधीपासून.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी थेट देवासची बस धरली. बावीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवते. कप्पी, तरफ, दंतचक्र, सगळं फळ्यावर. खरं यंत्र उघडायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि बसमध्ये माझे हात शिवशिवत होते.

रविवारी सकाळी अंगणात जुनी चादर अंथरून मी कुप्पी मांडली. एकेका बोल्टला रॉकेल पाजलं, पाना लावला आणि पान्यावर उभी राहिले. कुईं करून पहिला बोल्ट फिरला तेव्हा मी ओरडलेच. आई शेंगा सोलत पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "अगं, हळू. तुटला तर तसला बोल्ट बाजारात नाही मिळायचा."

झाकण निघालं. आत वाळलेल्या ग्रीसचा काळा चिखल, आणि त्याखाली दाते! एकही तुटलेला नव्हता. मी ब्रशने घासत गेले तसे ते चमकायला लागले. मोठं चक्र, त्याला भिडलेली दोन लहान, आणि एका कडेला करवतीच्या दात्यांसारखं तिरप्या दात्यांचं चाक. त्या चाकात अडकणारी छोटी खिट्टी. चाक उलटं फिरू नये म्हणून ती असते, एवढं मला पुस्तकावरून कळलं. दुपारपर्यंत मी सगळं धुतलं, भरपूर ग्रीस चोपडलं, झाकण बसवलं आणि कुप्पी मागच्या कडुनिंबाच्या जाड फांदीला टांगली. गव्हाची दोन पोती दोराने एकत्र बांधून आकड्याला अडकवली.

साखळी ओढली. पोती जमिनीवरून सुटली! एक वीत, दोन वीत, कमरेएवढी. "आई, बघ! आई!" मी नाचायचीच बाकी होते.

आई उठून उभी राहिली. "थांब," ती म्हणाली. "ही बोलत का नाही?"

"कोण?"

"कुप्पी. वर जाताना टक-टक बोलली पाहिजे ती."

मी साखळी सोडून तिच्याकडे वळले आणि मागे साखळी सरसर पळाली. पोती धाडकन खाली आली. एक उसवलं, आणि अंगणभर गहू झाला. तिथे मोटर असती तर? खाली माणूस असता तर?

आई रागावली नाही. ती गव्हातून वाट काढत आली, पदर खोचला आणि म्हणाली, "खोल पुन्हा. तुझ्या बाबांसाठी कितीदा साखळी धरलीय मी. चल, दाखव आत."

झाकण उघडताच तिने बोट ठेवलं. "ही खिट्टी बघ कशी लुळी पडलीय. हिची स्प्रिंग गेली. आणि या चकत्यांना ग्रीस कोणी लावलं?"

"मीच लावलं. सगळीकडे लावलं."

"ब्रेक आहे तो! ब्रेकला कोणी तेल पाजतं का?" आणि ती इतकी हसली की मलाही हसू फुटलं.

मी सायकलच्या दुकानात जाऊन चार तऱ्हेच्या स्प्रिंगा आणल्या. पहिली ताठ, दुसरी ढिली, तिसरी थोडी कापल्यावर नेमकी बसली. आईने ब्रेकच्या चकत्या पेट्रोलने पुसल्या, उन्हात वाळवल्या आणि पॉलिश पेपरने घासून कोरड्या ठाक केल्या. पंचाहत्तरीच्या त्या बोटांना पुढे काय करायचं ते विचारावं लागत नव्हतं. उसवलेलं पोतं शिवून, गहू भरून पोती पुन्हा चढवली. टक. टक. टक. टक. मी साखळी सोडली. पोती जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, गाडी ठरवली आणि कुप्पी घेऊन धारला निघाले. आईही आली. "मी नसले तर तू परत ग्रीस लावशील," म्हणाली.

मिस्त्रीने विहिरीवर तीन पाइपांची घोडी उभी केली. कुप्पी टांगली, खालचा आकडा मोटरच्या लोखंडी पाइपाला लावला. माझ्या नवऱ्याने साखळीला हात घातला तर आईने त्याला बाजूला केलं. तिने ओढलं. टक-टक-टक. पाइप वर यायला लागला! दहा फूट आला की मिस्त्री क्लँप लावून तो धरून ठेवी, वरचा तुकडा खोलून काढी, आकडा खाली घेई, पुन्हा अडकवी. आळीपाळीने आम्ही साखळी ओढली. शेवटी शेवाळ आणि पाणी गाळत मोटर कठड्यावर आली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी नवी मोटर खाली सोडायची होती. ब्रेकची खरी परीक्षा हीच. मोटर कठड्याखाली गेली आणि मिस्त्री कुजबुजला, "अम्माजी, ध्यान से।" आईने काय करावं? ती थांबली, आणि दोन्ही हात साखळीवरून काढून वर केले. मोटर अधांतरी, नुसती किंचित झुलत राहिली. आई आमच्याकडे बघून हसत होती, आणि मग तिने पुन्हा साखळी धरली.

टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा मिस्त्री अदबीने म्हणाला, "अम्माजी, धरमपुरी में एक कुएँ का काम है। कुप्पी दो दिन को मिल जाएगी?"

"मिल जाएगी," आई म्हणाली. "पर साथ में मैं भी आऊँगी।"