काकांच्या अकरा मशिनी

"या घरात एक तर मी राहीन, नाहीतर या तुमच्या लोखंडी सवती!" काकूचं हे भांडण मी लहानपणी भिंतीआडून ऐकलं. काका शिंपी. भंगारात निघालेली जुनी शिलाई मशीन दिसली की उचलून आणत. अकरा झाल्या, तेव्हा काकूला पाय पसरायलाही जागा उरली नाही.

"अगं, त्या उलटून तरी बोलत नाहीत," काका म्हणाले. मग काय, दोन दिवस अबोला.

मशिनी पुन्हा भंगारात जाऊ नयेत म्हणून काकांनी एकेक करून नात्यातल्या मुलींना दिल्या. त्यांची अट एकच, "तेल मीच घालणार." माझ्या वाट्याला आलेल्या मशिनीवर मी झबली, अभ्रे, पडदे शिवले, सगळं जरा वाकडंच. काका शिवण बघून म्हणत, "मशीन सरळ आहे हो बाई."

दर महिन्याला ते तेलाची कुपी घेऊन येत. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टाके चालवायचे, नाहीतर नव्या कापडाला डाग पडतो.

शेवटचे आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं, "काका, आज राहू द्या."

"तुझं राहील गं, तिचं कसं राहील?"

त्यांनी तेल घातलं, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत टाके चालवले आणि चहा न घेताच पुढच्या घरी गेले.