आबांच्या डोळ्यांची राखण

पहिल्या बाळंतपणासाठी मी जळगावहून माहेरी आले, धुळ्याजवळच्या आमच्या गावी, तेव्हा थंडी पडली होती आणि मला दिवसभर झोप यायची. ओट्यावर कोवळ्या उन्हात बाज टाकून पडलं की कपाशीवरचं धुकं, चुलीचा धूर आणि माझी डुलकी यांतलं काय कुठे संपतं ते कळत नसे. त्याच धुक्यात आबाही बसलेले असत. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं धुकं मात्र भर दुपारीही हटत नव्हतं.

दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, काटे दिसायचे नाहीत. समोर कोणी उभं आहे एवढं कळायचं, पण तोंडाच्या जागी करडा डाग. हे त्यांनी मला हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि मला रडू फुटलं. त्यांची एकच इच्छा होती, नातवंडाचं तोंड बघायचं. आईला, शेजाऱ्यांना, इतकंच काय गोठ्यातल्या म्हशीलाही त्यांनी ती ऐकवली होती.

धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजुतीने बोलणाऱ्या होत्या. लोखंडाला गंज चढतो तसं काहीसं शरीरातही होत असतं, म्हणाल्या, आणि सतत उजेड झेलणाऱ्या पडद्याला त्याचा त्रास जास्त. पालेभाज्यांत, पिवळ्या मक्यात एक पिवळा रंग असतो. तो पडद्यात जाऊन बसतो आणि हा गंज थोपवायला मदत करतो. असल्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पण सगळ्यात आधी बिडी बंद. आबांनी बंडल तिथेच टेबलावर ठेवलं. तो लांबलचक शब्द त्यांच्या जिभेवर बसला नाही, पण पाला कळला.

आणि तिथेच घोळ झाला. आमच्या आबांनी जन्मभर केळीला ठिबक केलेलं. दुसऱ्या दिवसापासून ते धुतलेल्या पोकळ्याच्या पानांची वाटी घेऊन ओट्यावर बसायला लागले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, मधूनमधून एक एक पान. कच्चं, कोरडं. ह्या वयात तेल वाईट असं कुठेतरी ऐकून तेही त्यांनी सोडलेलं.

"पाटनं पाणी वाही जास," ते मला म्हणाले. "ठिबकनं मुयाशी जास."

"हाऊ नवरा शे का बोकड्या?" आई आतून म्हणाली.

मी हसत हसत पुन्हा डोळे मिटायची. झोपेतही पान चावल्याचा बारीक आवाज येत राही.

पुढच्या खेपेला आई-आबांसोबत मीही गेले. पानांचं ठिबक ऐकून डॉक्टरीणबाई हसू आवरू शकल्या नाहीत. तो रंग तेलात विरघळतो, म्हणाल्या. भाजी शिजवा, फोडणी द्या, जेवणात भाकरीबरोबर खा. नुसता कोरडा पाला फारसा अंगी लागत नाही. आईने आबांकडे असं बघितलं की ते दिसत नसूनही त्यांना कळलं असावं.

मग आबांनी विचारलं, "गयं ते परत यी का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही. उरलंय त्याची राखण करायची. तीही पुरेल असं मी सांगू शकत नाही."

परतीच्या एसटीत, गाव जवळ आल्यावर, आबा म्हणाले, "राखण ते राखण." संध्याकाळी आईने शेंगदाण्याच्या तेलात लसूण तडतडवला आणि आबा आणि मी एकाच ताटात पोकळा जेवलो, ते डोळ्यांसाठी, मी पोटातल्या जिवासाठी. असे कितीतरी सारखे दिवस गेले. मला ते वेगवेगळे आठवत नाहीत.

मला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला ओट्यावरच्या उन्हात आबांच्या मांडीवर ठेवलं. ते खाली वाकले, जरा थांबले आणि मान वळवून एकदम रस्त्याकडे बघायला लागले. तिथे काहीच नव्हतं.

माझं टाळकं सरकलं. "आबा, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवता का?"

ते हलले नाहीत. "गप ऱ्हाय, बेटा. मी देखी ऱ्हायनू."

"रस्ता?"

"हिले. समोर देखं ते डाग येस. आशी मान फिराई का कडतीन दिखस."

पडद्याचा मधला भाग गेला होता, पण कड शाबूत होती. तिच्या इवल्या तोंडावरून ती कड ते हळूहळू फिरवत होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तोंड मात्र रस्त्याकडेच. मी त्यांच्या बाजूला बसून राहिले.

"नाक तुनं शे," बऱ्याच वेळाने आबा म्हणाले.