अक्कांचा पहारा

अक्कांना बंद दार बघवत नसे. दार बंद म्हणजे आत कुणीतरी आजारी आहे, नाहीतर उपाशी, अशी त्यांची पक्की समजूत. बनशंकरीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे आणि त्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्या कमरेला. कडी वाजवण्याची भानगड नाही. "पोरी, स्वल्प उप्पीट आणलंय," म्हणत थेट आत! त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं; मराठी निम्मं कानडी आणि सगळं प्रेमळ.

त्या वर्षी माझं प्रोजेक्ट संपलं. कंपनीनं सांगितलं, क्लाउडचं सर्टिफिकेट मिळव, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात काम आहे, नाहीतर नमस्कार. नमस्कार म्हणजे गाशा गुंडाळून पुण्याला. परीक्षा घरूनच द्यायची, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कुणी नको, ओठ हलवायचे नाहीत, नजर हटवायची नाही. अक्कांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी "सरी, सरी" म्हणत मान डोलावली.

परीक्षा जेमतेम सुरू झाली आणि दार उघडलं. अक्का! हातात दही-साखरेची वाटी. "परीक्षेला बसलीस आणि तोंड गोड केलं नाहीस? अय्यो!" मी नको नको म्हणेपर्यंत चमचा तोंडात. पलीकडून बघणाऱ्या परीक्षकानं परीक्षा तिथल्या तिथं रद्द केली. "अक्का, माझी नोकरी घालवलीत तुम्ही!" मी किंचाळले. त्या गुपचूप खाली गेल्या आणि दोन दिवस वर फिरकल्या नाहीत.

मग आल्या त्या चक्क कडी वाजवून. "परत देता येते ना गं?" येत होती, पण कंपनीनं आता आणखी एकच संधी दिली होती. "मग सराव कर. मी बसते परीक्षक म्हणून."

बसल्या, आणि काय सांगू! नाकावर चष्मा, समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ. "ओठ हलले! डोळे समोर!" मला एकेका प्रश्नाशी झटापट करत बसायची खोड, त्यात वेळ निघून जायचा. त्यावर अक्कांनी उपाय काढला. दोन मिनिटं झाली की वाटीवर चमचा वाजवायचा. "खूण कर नि पुढं हो. अडलेल्याकडं मागून येता येतं, गेलेला वेळ येतो का?" आठवडाभरात त्या चमच्याची मला धडकीच भरली.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी जिन्यात खुर्ची टाकली. कुकर बंद, टीव्ही बंद. फुलवालीला तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. नेमके त्याच दिवशी जावई आले, तर त्यांनाही फाटकाबाहेर उभं केलं! जावयाला घरात न घेता, पाणीसुद्धा न विचारता! आत मी एका लांबलचक प्रश्नापाशी अडकले, कानात चमचा वाजला आणि मी खूण करून पुढं सरकले. शेवटी मागं वळून बघायला वेळही उरला.

पास झाले. मी धावत बाहेर आले तर अक्का माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. जावयांना वाटलं, गेली बिचारीची नोकरी.

बनशंकरीहून रोज बेळ्ळंदूर गाठायचं तर जन्म रस्त्यातच जायचा. मी तिकडं खोली घेतली, पण अक्कांना सांगायला जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा त्या उठल्या आणि डबे भरायला लागल्या. निघायच्या दिवशी कॅबपर्यंत आल्या.

"अक्का, मला पास केलंत आणि स्वतःच एकट्या पडलात," मी म्हटलं.

"तू जाणार होतीसच गं. नापास होऊन पुण्याला गेली असतीस, तर मी घालवली असं झालं असतं. जन्मभर खात राहिलं असतं ते मला. आता आपल्या नोकरीवर चाललीस. सरी. जा."

बोलता बोलता त्यांनी कॅबचं दार उघडलं. मी पाया पडले, कॅबमध्ये बसले आणि हमसून हमसून रडले. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकला मी एरवी शिव्याच घालते. त्या दिवशी मात्र पोटभर रडून होईपर्यंत त्यानं गाडी हलू दिली नाही, आणि मी त्याचे उपकार मानले.